लाइन घेतली

माझा पुतण्या पुण्यात विजेच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात आहे. म्हणजे तो वीज तयार करत नाही, तारा ओढत नाही, खांबावर तर जन्मात चढला नसेल. संगणकासमोर बसून पंधरा-पंधरा मिनिटांची वीज एकाकडून घेतो आणि दुसऱ्याला विकतो. दिवाळीत देऊळघाटला आला की ओट्यावर बसून मला समजावून सांगतो, की आता कोणीही वीज बनवतो, कोणीही विकतो, आणि एवढ्या सगळ्यांची मोट बांधून ग्रिड पन्नास हर्ट्झवर धरून ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही. यंदा त्यानं विचारलं, "काका, तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं. मग तुम्ही ग्रिड सांभाळत कसे होता?"

मी म्हणालो, "तोंडानं."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! फोनवर एक माणूस एक शब्द बोलायचा आणि दुसरा माणूस दांडी हलवायचा, एवढंच यंत्र होतं आमच्याकडे. त्या एका शब्दाचं मी काय करून बसलो ते त्याला सांगितलं नाही. घरात कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. लिहिताना शाळेत शिकवली तशी भाषा लिहीन म्हणतो, पण राग आला की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. आणि राग मला येणार आहे.

दुष्काळानंतरची ती वर्षं. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर आणि सोनाळ्याच्या मधल्या माळावर, एका लहानशा सबस्टेशनला मी ऑपरेटर होतो. तारेच्या कुंपणात एक ट्रान्सफॉर्मर, एक खोली, खोलीत एक पॅनल, एक खुर्ची आणि दोन फोन. एक फोन खात्याचा, तो थेट वरच्या कंट्रोल रूमला लागायचा. दुसरा गावचा, तो एक्स्चेंजवाल्याच्या मर्जीवर. बाहेर जाणाऱ्या लाइनी दोनच, एक संग्रामपूरची आणि एक सोनाळ्याची. प्रत्येकीला पॅनलवर एक दांडी. वर केली की लाइन चालू, खाली ओढली की बंद.

पॅनलच्या डोक्यावर ग्रिडचे हर्ट्झ दाखवणारा एक जुना मीटर होता. कुठल्या तरी बंद पडलेल्या पॉवर हाऊसमधून काढून आणलेला. त्यात पोलादाच्या बारीक पात्यांची रांग होती. जे पातं थरथरेल त्याच्याखालचा आकडा वाचायचा. पन्नासचं पातं थरथरत असलं की सगळं ठाकठीक. मागणी वाढली, वीज कमी पडली, की थरथर डावीकडे सरकायची. एकोणपन्नास, साडेअठ्ठेचाळीस. मग खात्याचा फोन वाजायचा आणि कंट्रोलचे साहेब म्हणायचे, "सोनाळा सोड." मी म्हणायचो, "सोनाळा सोडतो," आणि दांडी खाली. ऐकलेला हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा, हा नियमच होता.

लोकांना वाटतं, वीज कमी पडणं एवढंच संकट. उलटंही असतं. कुठं तरी मोठी लाइन तुटली, हजारो मोटारी एका दमात बंद पडल्या, की वीजघरातल्या मशीनवरचा भार उतरतो आणि मशीन पळत सुटते. फार पळाली की स्वतःच बंद पडते. ती पडली की तिचं ओझं दुसरीवर, दुसरी दमली की तिसरीवर, आणि बघता बघता सगळं बसतं. म्हणून अशा वेळी साहेब ओरडायचे, "सोनाळा घे!" घे म्हणजे चालू कर, मशीनवर भार टाक. माझ्या छोट्या लाइनीचा भार तो केवढा! पण असे शंभर ऑपरेटर ठिकठिकाणी हात दांडीवर ठेवून बसलेले असायचे. माझ्या एकट्याच्या दांडीनं काय होतंय, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं. मी भांडायचो अशा लोकांशी. कामाच्या बाबतीत मी कडक होतो, आणि त्याचा तोराही होता मला.

तर आम्हा ऑपरेटरांच्या भाषेत लाइन घेणं म्हणजे चालू करणं.

लाइनमनच्या भाषेत नेमकं उलटं. तो लाइन घेतो म्हणजे बंद झालेली लाइन स्वतःच्या ताब्यात घेतो, खांबावर चढायला. काम झालं की लाइन देतो. शब्द तोच. वर्षानुवर्षं दोघंही तोच वापरत होते आणि कोणाला त्यात काही खटकत नव्हतं.

आमचा लाइनमन सोनाळ्याचाच. घरी थोडी मिरची-वांगी, बायको ती बाजारात न्यायची. माणूस हाडाचा कामसू. खांबावर असा चढायचा की खाली उभं राहणाऱ्याला वाटावं, आपणही चढू शकतो. आणि तोंडाचा मिस्कील. माझ्या रागाला तर त्यानं नावच ठेवलं होतं. म्हणायचा, "भाऊ, तुमचा राग म्हंजे बारीक तारीचा फ्यूज हाय. उडते लवकर, पन जळत काहीच नाही." मी आणखी चिडायचो आणि तो आणखी हसायचा. माझं बिऱ्हाड तेव्हा देऊळघाटला, मी सबस्टेशनवर एकटा. सणावाराला त्याच्याच घरी जेवायचो. त्याची बायको मला भाऊजी म्हणायची.

खांबावर चढायचं तर रीतसर लाइन क्लिअर घ्यावी लागे. लाइनमननं स्वतः सांगायचं, वरच्या साहेबाची परवानगी, नंबर, वहीत नोंद. मग ऑपरेटरनं दांडीला पत्र्याची पाटी अडकवायची, तांबड्या अक्षरांची, "माणूस कामावर आहे". या सगळ्यात कधी कधी अर्धा दिवस जायचा. तोवर लाइनमनच्या दारात शेतकरी उभे. "अबे, मिरची सुकून राह्यली, तारीचा जंपर तुटला, बांध ना लवकर!"

एकदा तो मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही तं रोज तासभर लाइन सोडूनच ठेवता. तेवढ्यात मी चढतो ना. परवानगी कायले पायजे? लाइन मेलेलीच हाय."

मी त्याला झाडला. दुसऱ्या वेळी पुन्हा झाडला. तिसऱ्या वेळी मिरचीचं एक उभं वावर माझ्या डोळ्यांदेखत माना टाकून पडलं होतं, तेव्हा गप्प बसलो. मग ती आमची रीतच पडून गेली. मी लाइन सोडली की तो गावातल्या अडत दुकानात जायचा, तिथल्या फोनवरून स्वतःच्या आवाजात सांगायचा, "भाऊ, लाइन घेतली." मी पाटी अडकवायचो. वहीत काही नाही. काम झालं की पुन्हा फोन, "भाऊ, लाइन दिली." मी पाटी काढायचो. त्याचा आवाज हीच आमची वही. कधी धोका झाला नाही, म्हणून त्यात धोका आहे हेच विसरलो होतो.

तो दिवस उन्हाळ्यातला. जेवणाची वेळ टळून गेलेली, मी डबा उघडला होता. मीटरवर साडेअठ्ठेचाळीसचं पातं थरथरत होतं. खात्याचा फोन वाजला.

"सोनाळा सोड."

"सोनाळा सोडतो."

दांडी खाली ओढली आणि पुन्हा डब्याकडे वळलो. पाव तासानं गावचा फोन वाजला. मला वाटलं, लाइनमन असणार. पण आवाज अडत दुकानातल्या मुनीमजींचा.

"तुमचा लाइनमन सांगून गेला. लाइन घेतली म्हने."

"त्यानं स्वतः काऊन नाही केला फोन?"

"सायकलवरूनच वरडला बापा रस्त्यातून. लय घाईत होता. चार लोकं होते संगं."

मला ते आवडलं नाही. पण पाटी अडकवली. बघून घेतो याला संध्याकाळी, असं मनात म्हणालो आणि भाकरी तोडली.

दुसरा घास तोंडात जायच्या आत खोलीतला बल्ब एकदम पांढरा झाला. ट्रान्सफॉर्मरचा आवाज चढला. वर बघितलं तर पन्नासचं पातं थरथरत होतं, आणि लगेच त्याच्या उजवीकडचं. मग त्याच्याही उजवीकडचं. एक्कावन्न. मी डब्यावरून उठलो. कुठं तरी मोठी लाइन गेली होती.

खात्याचा फोन.

"सोनाळा घे! लवकर घे!"

नियमाप्रमाणे मी "सोनाळा घेतो" म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण हात दांडीवर गेला आणि पाटी बोटांना लागली.

"साहेब, लाइनमन वर असंल."

"लाइन क्लिअर हाय का?"

"नाही."

"वहीत नोंद?"

"नाही साहेब. निरोप आला होता."

"निरोप? खातं निरोपावर चालते का बे? घे म्हनून राह्यलो ना! मशीन पळून राह्यली!"

"दोन मिनिटं द्या."

"दोन मिनिटांत सगळं बसंल! घे!"

मी खात्याचा रिसीव्हर डाव्या खांद्यात दाबून धरला आणि उजव्या हातानं गावचा फोन फिरवला. एक्स्चेंजवाल्याला म्हणालो, जिवाचा प्रश्न आहे, सोनाळ्याचं अडत दुकान लावून दे. देवाची कृपा, त्यानं एकही प्रश्न न विचारता लावून दिलं. एका कानात साहेब दुसऱ्या कोणाला तरी "घे, घे" म्हणून ओरडत होते आणि दुसऱ्या कानात मुनीमजी पान चघळत होते.

"मुनीमजी, त्यानं नेमकं काय म्हनलं? शब्द सांगा. घेतली म्हनला का घ्या म्हनला?"

"आता तुम्ही असं विचारून राह्यले तं..."

"लवकर सांगा हो!"

"घेतली म्हनला... का घ्या म्हनला... ध्यानात नाही बापा. मी गिऱ्हाइकाशी बोलून राह्यलो होतो. काऊन, फरक पडते का?"

फरक पडते का! घेतली म्हणाला असेल तर तो या क्षणी तारेला हात लावून उभा होता. घ्या, म्हणजे चालू करा, म्हणाला असेल तर काम उरकून झाडाखाली बिडी ओढत होता आणि मी उगाच सगळ्या वऱ्हाडाचा जीव टांगणीला लावला होता.

"बाहेर जाऊन पहा, कुठं दिसते का!"

"दुकान टाकून?"

"मुनीमजी, तुमच्या पाया पडतो. पहा."

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला. मी मीटरकडे बघत राहिलो. साडेएक्कावन्न. बल्बकडे बघवत नव्हतं. कंट्रोलचे साहेब पुन्हा फोनवर आले.

"घेतला का सोनाळा?"

"नाही साहेब."

"अबे, एकेक जन असाच बसला तं काय होईन? दवाखान्यात कोनाचं पोट फाडून ठेवलं असंल, त्याचा विचार कर! तू एकटाच मानूस वाचवून राह्यला का?"

हे साहेब मलाच म्हणत होते! मला, जो दुसऱ्या ऑपरेटरांना हेच ऐकवत आला होता. साहेब बरोबर होते. नियमानं बरोबर, हिशेबानं बरोबर. खांबावर कोणी असल्याचा माझ्याजवळ एक चिटोराही नव्हता. आणि तरी माझ्या डोळ्यांसमोर लाइनमनचे ते दोन हात, तारेच्या चरक्यांनी काळे पडलेले. भीती वाटली मला, लपवत नाही. नोकरीची वाटली, त्याच्या जिवाची वाटली, आणि त्या दवाखान्यातल्या न बघितलेल्या माणसाचीही वाटली. दांडी दोन बोटं वर उचलली गेली होती. पाटी तिच्यावर हलत होती.

मुनीमजी आले. "दिसत नाही इथून. लोकं म्हनतात, मिरचीच्या वावराकडं गेला."

"काम झालं का त्याचं?"

"ते मले काय ठाव?"

बावन्न.

"शेवटचं सांगून राह्यलो," साहेब म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "सोनाळा घे."

मी दांडी सोडून दिली. "घेत नाही साहेब."

ते काही बोलले की नाही, मला कळलं नाही. ट्रान्सफॉर्मरचा आवाज एकदम खाली आला. सगळी पाती एकदाच थरथरली आणि थरथर रांगेच्या डावीकडे पळाली. बल्ब पिवळा झाला, मग तांबडा, मग नुसती तार दिसायला लागली. पंखा दोन फेरे फिरून थांबला. संग्रामपूरही गेलं, सगळंच गेलं. माळावर इतकी शांतता मी आधी ऐकली नव्हती. उजव्या कानात मुनीमजी विचारत होते, "हॅलो, आमची लाइट तं आधीच गेलती, आता नवीन काय झालं?"

तास-सव्वा तासानं गावचा फोन वाजला. वीज अजून आलेली नव्हती. आवाज त्याचा, नेहमीसारखा मोकळा.

"भाऊ, लाइन दिली."

"कुठं होता बे?" मी ओरडलो.

"खांबावर. काऊन?"

खाली फरशीवर बसलो आणि फोनवरच त्याला सांगितलं काय झालं ते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माय वं." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी उतरल्यावर सायकल काढली आणि सोनाळ्याला गेलो, भांडायलाच. रस्ताभर शिव्या जुळवत होतो. पण दारात त्याची बायको उभी. तिनं मला बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. आत नेऊन बसवलं, चहा केला, कप माझ्या हातात दिला. "घ्या, भाऊजी." मग म्हणाली, "तुमी होते म्हून हे घरी आले." तो कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. माझ्या सगळ्या शिव्या घशातच राहिल्या. चहा प्यालो, उठलो, जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. चांगलं वाटलं मला. आपण काही तरी केलं, असं वाटलं.

आठ दिवसांनी चौकशी लागली. टेबलामागे वरून आलेले साहेब, टेबलासमोर आम्ही दोघं. मुनीमजींचा कागद आला होता, त्यात लिहिलं होतं की शब्द आठवत नाही. साहेबांनी लाइनमनला विचारलं, "हुकूम आला तेव्हा तुम्ही खांबावर होता का?"

तो चपलांकडे बघत होता. "नाही साहेब. मी चढलोच नव्हतो, मिरचीवाले मांगं लागले होते. 'लाइन घ्या' म्हून मी निरोप धाडला होता."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

परवानगीशिवाय खांबावर चढला, एवढं कागदावर आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, हे मला कळत होतं. पण म्हणून माझ्या तोंडावर? ज्या माणसासाठी मी अख्खं वऱ्हाड बसू दिलं, त्यानं मला खोटं पाडावं? साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

म्हणायला पुष्कळ होतं. त्यानं स्वतः फोनवर "खांबावर" म्हटलेलं होतं. त्याची बायको म्हणाली ते होतं. आमची ती रीत होती, कितीतरी दिवसांची. त्यात माझाही हात होता, हेही सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडलं आणि त्याच्या हातातल्या टोपीकडे लक्ष गेलं. तिची कड तो बोटांनी चुरगाळत होता.

"ऐकण्यात माझी चूक झाली," मी म्हणालो.

साहेबांनी ते लिहून घेतलं. माझी सही झाली. माझ्या नावावर शेरा बसला आणि बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेहकरकडे.

बाहेर तो माझ्या मागे धावत आला. "भाऊ... भाऊ, ऐका ना."

"तोंड दाखवू नको बे मले," मी म्हणालो. त्याच्याशी मी बोललेले हे शेवटचे शब्द.

चार्ज द्यायचा दिवस आला. माझ्या जागी आलेला ऑपरेटर सरळ माणूस, वहीप्रमाणे चालणारा. एकेक वस्तू मोजून घेत होता. किल्ल्या, वही, फ्यूजची तार, हातमोजे. पाटी उचलून त्यानं विचारलं, "हिचं काय?"

"लाइन क्लिअर असली की अडकवायची," मी म्हणालो.

एक वाक्य जास्त बोललो असतो तर काय झिजलं असतं माझं? सोनाळ्याचा लाइनमन लाइन सोडलेली असताना चढतो, त्याचा निरोप आला तर त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय दांडीला हात लावू नको. एवढंच. पण मी रागात होतो. शिवाय सही करून आलो होतो की चूक ऐकण्यात झाली. आता ही रीत होती म्हणून सांगितलं असतं तर मीच खोटा ठरलो असतो. म्हणून बोललो नाही. किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि एसटी पकडली.

दोन उन्हाळे गेले. मेहकरकडच्या सबस्टेशनवर खात्याचाच एक ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचं तेल घेऊन आला होता. पिंप उतरवता उतरवता म्हणाला, "तुमच्या त्या सोनाळ्याचा लाइनमन गेला ना. लाइनीवरच."

मी विचारलं, कसा? तसाच. लाइन सोडलेली होती. तो चढला. निरोप धाडला का, कोणाजवळ धाडला, काय शब्द वापरला, कोणालाच नक्की माहीत नाही. थोड्या वेळानं कंट्रोलचा हुकूम आला, "सोनाळा घे." नव्या ऑपरेटरनं वही बघितली, वही कोरी. "सोनाळा घेतो" म्हणाला आणि दांडी वर केली. त्याच्यात कोणालाही दोष देता आला नाही. अरे, मीच त्याला शिकवून आलो होतो ना तसं!

त्या दिवसापासून मी कोणाला फोनवर "घे" म्हणू दिलं नाही. साहेब असो की शिपाई. "चालू म्हना नाही तं बंद म्हना, घे म्हनू नका!" असं ओरडायचो. माझ्या पाठीमागे हसायचे लोक. हसू दिलं.

दहाव्याच्या आधी सोनाळ्याला गेलो. दोन एसट्या बदलून, वर थोडं पायी. ओटीवर बाया बसल्या होत्या. त्याची बायको आत होती, भिंतीला टेकून. मला बघून उठली. मी नको नको म्हणत असताना चुलीकडे गेली, चहा केला आणि कप आणून माझ्या हातात दिला. माझ्या मनात एक गोष्ट सारखी येत होती, की हिला सांगावं, तुझ्या घरासाठी मी माझ्या नावावर डाग घेतला होता. दोन वर्षं मी त्याच आधारावर जगत होतो. सांगायला तोंड उघडलंही.

पण तीच बोलली. रडत नव्हती, आवाज चढलेला नव्हता. पोरांच्या शाळेबद्दल विचारावं, तसं तिनं विचारलं.

"भाऊजी, त्या वक्ती तुमी साहेबाले खरं काऊन नाही सांगतलं?"

मी कप ओठांकडे नेला आणि पुन्हा खाली आणला.

"नोकरीच गेली असती ना. वांगे विकले असते आमी. हे तं राह्यले असते."

कप माझ्या हातात तसाच होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे.

"घ्या ना भाऊजी," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."